भावाचं पान

लाचलुचपत थांबवायची तर व्यापाऱ्यांनीच कंबर कसली पाहिजे, असं कुणी सभेत सांगू लागलं की मी चपला शोधू लागते. ते खोटं आहे म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून. आमच्या नवापूरच्या बाजारात व्यापाऱ्यांनी लाच थांबवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती पुन्हा कशी सुरू झाली तेही पाहिलं आहे, आणि ते आमच्याच घरातून झालं. सभेत बोलणाऱ्याला त्यातलं अर्धंच ठाऊक असतं, आणि उरलेलं सांगायला उठावं तर माझंच तोंड कडू होतं.

ही जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरची खाणावळ स्टेशनच्या रस्त्यावर होती. सासरे वारले होते. खाणावळ सासूची. सारा बाजार तिला माय म्हणायचा, म्हणून मीही मायच म्हणू लागले. माझे यजमान गल्ल्यावर बसत, पण हुकूम मायचा चाले, हे त्यांनाही माहीत होतं आणि गिऱ्हाइकांनाही. मी चुलीपुढे. कळण्याच्या भाकरी थापता थापता बाहेरचं सगळं बोलणं कानावर पडे, कारण स्वयंपाकघर आणि पंगत यांच्यात नुसता एक तट्ट्याचा आडोसा होता.

गाव जगायचं ते जंगलावर आणि आगगाडीवर. डोंगरातून साग आणि बांबू बैलगाड्यांनी उतरायचा आणि स्टेशनातून सुरतेकडे जायचा. मध्ये गावाच्या तोंडाशी जंगलखात्याचं नाकं. प्रत्येक गाडी तिथे थांबे, नाकेदार माल बघे, पास देई, मग आडवी दांडी वर होई. नाकेदार म्हणजे काही मोठा साहेब नव्हे. पगार बेताचा, डगला जुना. पण त्या दांडीपाशी त्याच्यावर कुणी नव्हतं, आणि हे त्याला फार लवकर कळे.

या नाकेदाराला पोसायचं काम लाकडाचे ठेकेदार करत. रोख पैसे घेताना कुणी पाहिलं तर नोकरीवर गदा यायची, म्हणून रोखीचं काम जपून चाले. जेवणाला कोण पकडणार? ठेकेदार नाकेदाराला घेऊन खाणावळीत यायचा, दोघं भरपेट जेवायचे, आणि उठताना ठेकेदार म्हणायचा, साहेबांचं माझ्याकडे. चहाच्या दुकानात तेच, पानाच्या गादीवर तेच. साहेबाची दाढीसुद्धा ठेकेदाराच्या पैशाने व्हायची. मग मागून आलेल्या ठेकेदाराच्या गाड्या पुढे जात, आणि डोंगरातला एकटादुकटा गाडीवान उन्हात दांडीकडे बघत बसे. तोही आपल्या परीने कोंबडी आणे, मध आणे, मोहाची दारू आणे. ते सगळं घेतलं जाई. नंबर मात्र लागत नसे.

आणि गंमत अशी, की याला कुणी लाच म्हणतच नसे. जेवू घालणं वाईट कसं असेल? घेणारा ढेकर देऊन देवाचं नाव घेई आणि देणाऱ्याला अन्नदान केल्यासारखं वाटे.

मायला मात्र त्या नाक्याची चांगली ओळख होती. सासरे खाणावळ काढण्याआधी गाडीवानच होते. त्यांच्याबरोबर ती त्या दांडीपाशी बसली होती, मांडीवर माझ्या यजमानांना घेऊन. त्या वेळचं ती फार बोलत नसे. एवढंच म्हणे, की तिथल्या उन्हाला जात नसते म्हणतात, पण पुढे गेलेल्या गाडीवाल्याला ते लागत नाही.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने नियम केला. एक ठेकेदार नेहमीसारखा नाकेदाराला घेऊन आला, जेवला, आणि दोघांचे पैसे पुढे केले. मायने त्याच्या जेवणाचे घेतले आणि बाकीचे परत सरकवले.

"आठे जो खाई तोच पैसा दी," ती म्हणाली.

ठेकेदाराला ती थट्टा वाटली. तो हसला. मग त्याने पैसे पुन्हा पुढे केले, मायने पुन्हा सरकवले. पंगतीतले सगळे हात आवरून बघू लागले. शेवटी नाकेदाराने डगल्याचा खिसा चाचपला, कानापर्यंत लाल होत आपले पैसे ठेवले आणि चूळ न भरताच निघून गेला. मी आडोशामागून बघत होते. हातातली भाकरी करपली, पण त्या दिवशी मला कुणी बोललं नाही.

चार दिवस आम्हाला वाटलं, आता खाणावळ बंद पडते. नाकेदार दुसरीकडे जाऊन खाऊ लागला. पण मायचं बघून किराणा दुकानदाराचं डोकं चालू लागलं. हा गृहस्थ काही संत नव्हता, मिरचीत काय काय मिसळायचा ते मी सांगू शकते. पण त्याच्या लक्षात आलं, की गाडीवान नाक्यावर अडकून पडतो, बाजार उठल्यावर गावात येतो आणि मीठ-तेल न घेता तसाच परत जातो. ठेकेदार खिलवतो नाकेदाराला आणि गिऱ्हाईक तुटतं माझं! त्याने हे शिंप्याला सांगितलं, शिंप्याने न्हाव्याला, न्हाव्याने सगळ्यांना. न्हाव्याकडे गोष्ट गेली की दवंडीची गरज नसते. सात दुकानांनी मिळून महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की सरकारी माणसाचा पैसा सरकारी माणूसच देईल, त्याच्या वतीने दुसऱ्याचा घ्यायचा नाही.

आणि काय सांगू, दांडी हलली! नाकेदाराला कुणाची वाट बघायचं कारणच उरलं नाही. तो घरून डबा आणू लागला, चिडून का होईना आल्या ओळीने पास देऊ लागला. गाडीवान दुपारच्या आत गावात येत. पहिल्या बाजाराला आमच्या भाकरी संपल्या, पीठ संपलं, आणि माय मला म्हणाली, "जाय, शेजारथून पीठ मांगी लय." इतक्या आनंदात मी पीठ मागायला कधी गेले नव्हते.

गाडीवान ओट्यावर जेवत, आत नाही. ते मात्र कुणी मोडलं नाही, मायनेही नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पैसे आतल्या पानाचे आणि ओट्यावरच्या पानाचे सारखेच होते, आणि आम्हाला वाटे, एवढा न्याय पुष्कळ झाला.

त्यात एक डोंगराकडचा गाडीवान होता, उतारवयाचा, बांबू आणणारा. बैलजोडी स्वतःची, आणि दुसरं फारसं काही त्याच्याकडे असेल असं वाटत नसे. जेवण झाल्यावर तो आपली पत्रावळ स्वतः उचलून लांब टाकून यायचा, मग कमरेच्या फडक्यातून पैसे काढून ओट्याच्या कडेला ठेवायचा. नाक्यावर ओळ लागायला लागल्यापासून तो दर बाजाराला येऊ लागला होता.

अशी काही वर्षं गेली. चिडका नाकेदार अर्ज करकरून बदलून गेला आणि नवा आला.

नवा गोड होता. त्याचं बोलणं आमच्याच बोलीतलं, कचेरीतलं मराठी तो कचेरीपुरतं वापरायचा. पहिल्या दिवशी जेवायला आला तेव्हा मायने नियम सांगायच्या आधीच त्याने पैसे काढून ठेवले. रोज यायचा, रोज द्यायचा. ठेकेदार बरोबर आला तरी आपले पैसे आपण द्यायचा. बाजाराला त्याचं कौतुक वाटू लागलं. मलाही वाटलं, उगीच कशाला खोटं सांगू.

एक दिवस भाकरी वाढताना मायने त्याला गाव विचारलं. विसरवाडीच्या पुढे आत गेलं की मायचं माहेर. त्याचं गाव तिथून कोसभर.

"म्हनजे तू मन्ही अक्काच व्हयनी," तो म्हणाला.

माय तिथेच उभी राहिली, हातात भाकरी तशीच. तिला भाऊ नव्हते. दोन होते, ते मानमोडीच्या तापाच्या साथीत एकापाठोपाठ गेले. आईबाप त्यांच्या मागे फार दिवस जगले नाहीत. माहेरचं घर चुलतभावांकडे गेलं आणि त्यांनी पुन्हा तिची आठवण काढली नाही. खानदेशात बाई म्हातारी झाली तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाते. भाऊ नाहीतर भाचा गाडी घेऊन न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आखाजी जवळ आली की बायका अंगणात येऊन रस्त्याकडे बघतात. माय बघत नसे. त्या दिवसांत ती मोठमोठी कामं काढायची, तिखट कुटायची, भिंती सारवायची. माझा भाऊ मला न्यायला आला की त्याला पोटभर सांजोऱ्या खाऊ घालायची आणि आम्ही निघताना आतच राहायची.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दारात दमणी, माणसांना बसायची छपराची बैलगाडी, उभी राहिली. नाकेदार उतरला, डोक्याला नवी टोपी.

"अक्का, चाल. तुले लेवाले उनु," तो म्हणाला.

मायला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती मटकन जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. मीही रडले. दमणी कुणाची आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या असलेली ती दमणी नवापुरात एकाच ठेकेदाराची होती. मी यजमानांना तसं म्हटलं. ते म्हणाले, मागून आणली असेल, त्यात काय. मायलाही दिसलं असणारच. पण तिने लुगडं बदललं आणि पोरीसारखी उडी मारून दमणीत बसली.

आठवडाभराने परत आली ती नवं लुगडं नेसून. नाकेदाराच्या आईने तिला लेकीसारखं न्हाऊ घातलं होतं. त्याच्या अंगणात तिने झोका घेतला होता, गौराईची गाणी म्हटली होती. तो तिला तिच्या गावातही घेऊन गेला, आणि तिने आपल्या विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं. हे सगळं ती मला तीनतीनदा सांगायची. मी ऐकायची, कारण इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाकेदार जेवायला आला. जेवून त्याने पैसे काढले. मायने त्याचा हात धरला.

"येडा व्हयना का? बहीनना घर पैसा देस?"

त्याने खूप आग्रह केला, असं मी प्रामाणिकपणे सांगते. नियम म्हणजे नियम, असंही म्हणाला. पण माय ऐकेना. आणि आपल्याकडे ते कुणी ऐकतही नाही. भावाने बहिणीच्या घरी पानाचे पैसे ठेवले, तर तो तिला गिऱ्हाईक झाला, भाऊ कसला? त्याने पैसे खिशात घातले. त्या क्षणी नियम मेला.

त्याने हे जाणूनबुजून केलं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. आता वाटतं, तसंच नसेल. भाऊबिजेला मायने ओवाळलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्यालाही बहीण नसावी. तो खरोखरीच भाऊ झाला असावा, आणि ठेकेदाराने फक्त बैल जुंपून दिले असावेत. लबाड माणूस असता तर त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. असल्या माणसाचं काय करायचं?

किराणावाला एक दिवस मुद्दाम आला.

"माय, आपीन भंडारा उचला व्हता. तुम्हीच आते त्याले फुकट जेवाडतस?"

"भाऊ शे मन्हा. भाऊकडथून पैसा लेसू का मी?"

"मंग मन्हाबी कोनी लागसच तो," किराणावाला म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

आणि बघता बघता बाजारात नात्यांचं पीक आलं. किराणावाल्याच्या बायकोच्या मावसबहिणीकडून नाकेदार त्याचा साडू निघाला. शिंप्याचा तो भाचा झाला. न्हाव्याला नातं जोडता येईना, तर त्याने नाकेदाराच्या पोराचं जावळ काढून त्याला घरचा करून टाकला. साहेबाच्या वतीने ठेकेदाराचा पैसा कुणीच घेत नव्हतं, बेलभंडाऱ्याची शपथ जिथल्या तिथे होती. फक्त ठेकेदार आता दुकानदारांना दसऱ्याला, दिवाळीला धान्याचं पोतं पाठवत होता, स्नेह म्हणून. आमच्याकडे सरपणाची गाडी यायची, तीही सागाच्या ढलप्यांची. मी ते सरपण चुलीत घालत होते आणि भाकरी चांगल्या फुगत होत्या.

नाक्यावरची ओळ मोडली. एकदम नाही मोडली. आधी ठेकेदाराची एक गाडी पुढे गेली, घाईची म्हणून. मग दोन. मग गाडीवानांना पुन्हा समजलं, की बैल सोडून नदीवर पाण्याला नेले तर आपली जागा जाते, मागची गाडी पुढे घुसते आणि नाकेदार तिकडे बघत नाही. तेव्हा ते बैल जुंपलेलेच ठेवून उन्हात बसू लागले. ओट्यावरची पंगत विरळ झाली. माय म्हणायची, औंदा बाजार मंदा शे.

मग गुढीपाडवा आला. भाऊ जेवायला येणार म्हणून मायने पहाटेपासून पुरण घातलं होतं. खापरावर मांडे मी भाजले, पाठीला घामाच्या धारा. नाकेदार दुपारी आला तो थेट नाक्यावरून. येण्याआधी ठेकेदाराच्या गाड्यांना पास देऊन आला होता आणि बाकीच्यांना सांगून, की बघू जेवण झाल्यावर. तूप ओतओतून मायने त्याला वाढलं. मग तो आतल्या खोलीत बाजेवर आडवा झाला आणि घोरू लागला.

थोड्या वेळाने तो बांबूवाला गाडीवान ओट्याशी आला. जेवायला नाही, उभाच राहिला. त्याच्या तोंडावर धूळ आणि ओठ फुटलेले.

"साहेब आठे शे का?"

"निजेल शे," मी म्हणाले.

"उठाड ना बाई. बैल सकायपाईन उभा शेत. एक बैल ढिला पडना."

मी आत गेले आणि मायला सांगितलं. ती नाकेदाराच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालत होती.

"भाऊ जेवीसन निजेल शे," ती हळूच म्हणाली. "बहीनना घर निजेल भाऊले कसा उठाडू? घटकाभरमा उठी तो."

मी बाहेर येऊन त्याला तसं सांगितलं. तो गेला. मी मुद्दाम पितळेचं पातेलं दगडी फरशीवर आपटलं. नाकेदार कुशीवर वळला. मी दुसरं आपटलं. मायने आतून मला हाक मारून दटावलं. सुनेने सासूच्या भावाला गदागदा हलवून उठवावं, अशी रीत आमच्याकडे नव्हती, आणि रीत मोडायची हिंमत त्या घरात एकदाच कुणीतरी केली होती, ती आता वारा घालत बसली होती.

गाडीवान पुन्हा आला. या वेळी चालत आला ते पाय ओढत. बैल खाली बसला आहे, उठत नाही, असं सांगितलं. मग त्याने कमरेचं फडकं सोडलं आणि पैसे काढून ओट्याच्या कडेला ठेवले, नेहमीच्याच जागी.

"ह्या साहेबना पानना पैसा," तो म्हणाला. "मी देस. पन त्याले उठाड."

मी मायला बाहेर बोलावलं. तिने ते पैसे पाहिले, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून तिच्या तोंडून आपोआप निघालं, "साहेबना पैसा आम्ही दुसराकडथून लेतस नही." मग बहुधा तिचं तिलाच ऐकू आलं. ती थांबली आणि म्हणाली, "त्याले पैसा नही लागत. तो मन्हा भाऊ शे."

गाडीवान तिच्याकडे बघत राहिला. तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मीबी तुले बहीनच म्हनस," तो म्हणाला. "मन्हा पैसा तू लेस."

तेव्हा मला उमगलं, की हे खरं आहे. सारा बाजार तिला माय म्हणायचा आणि हा एकटा बहीन म्हणायचा, पहिल्यापासून. ओट्याखाली उभं राहून, बहीन, भाकर दे, असं म्हणायचा. आम्ही त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. डोंगरातली माणसं काहीतरी म्हणतात, तसं हे म्हणतो, एवढंच आमच्या लेखी.

माय आत गेली आणि नाकेदाराला तिने दंडाला धरून उठवलं. तो डोळे चोळत बाहेर आला, हकिकत ऐकून हळहळला, पायात वहाणा सरकवून लगबगीने नाक्यावर गेला. बैल मेलेला होता. नाकेदाराने तिथल्या तिथे पास लिहून दिला. "पहिलेच सांगतास ना," असंही म्हणाला म्हणे. एका बैलावर बांबूची गाडी जात नाही, आणि मालगाडी तर केव्हाच भरून निघून गेली होती. गाडीवानाने पास फडक्यात बांधला, उरलेला बैल सोडला आणि त्याचा कासरा धरून डोंगराच्या वाटेला लागला. गाडी बरेच दिवस नाक्याशी पडून होती. बांबू कोण घेऊन गेलं, ते मी विचारलं नाही.

ओट्याच्या कडेला ठेवलेले पैसे तो न्यायला विसरला होता. मायने ते उचलून देवापाशी ठेवले. तो आला की देईन, म्हणाली. तो आमच्या ओट्यावर पुन्हा आला नाही.

त्यानंतर माय गप्प झाली. जेवेना, कुणावर ओरडेना. नाकेदारही काही दिवस आला नाही, लाजला असेल. मला वाटलं, झालं ते फार वाईट झालं, पण निदान आता हिचे डोळे उघडले. किराणावाल्यालाही तसंच वाटलं असावं. तो दोनदा येऊन काहीतरी बोलायच्या बेतात उभा राहिला. मायने नाकेदाराकडून पुन्हा पानाचे पैसे घेतले असते ना, तर सातही दुकानांनी तसंच केलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. सगळे तिच्याकडेच बघत होते.

मग आखाजी आली. दारात दमणी थांबली, तीच, पितळी शेंब्यांची. नाकेदार उतरला. या वेळी टोपी जुनीच होती आणि तो दाराच्या आत आला नाही.

मी आत धावले. मायने गाठोडं सकाळीच बांधून ठेवलं होतं.

"माय, त्या बैल कोना शेत, माहीत शे ना तुमले?"

"माहीत शे."

"मंग जाशात तुम्ही?"

ती गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"मन्हासाठे गाडी जुपनारा दुसरा कोन शे?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तुमचा एक भाऊ ओट्याखाली उभा होता, असं म्हणायचं होतं. पण माझा स्वतःचा भाऊ संध्याकाळी मला न्यायला येणार होता, आणि हे तिलाही माहीत होतं. मी बाजूला झाले. नाकेदाराने तिला हात देऊन दमणीत बसवलं.

दुपारी ठेकेदार आला. बरोबर नाक्यावरचे शिपाई, चौघंपाचजण. सगळे आत पंगतीला बसले. ठेकेदार पाट ओढता ओढता म्हणाला, "या समदासना पैसा मी दिसू." गल्ल्यावरून यजमानांनी मान हलवली, आणि मी वाढायला घेतलं.